मण्यांचे जोडे

स्मारकाच्या दाराशी ‘कृपया शूज इथे काढावेत’ ही पाटी लावायची कल्पना शरयूची. ती मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेतल्या रेडमंडमधली आर्किटेक्ट. तिथल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून जिथे डांबलं, त्या शाळेच्या जुन्या इमारतीतच हे स्मारक. तिथे पायताणं घालून शिरणं तिच्या मनाला पटेना. सरकारी अनुदान देणारे साहेब “किती रिस्पेक्टफुल!” म्हणत खूश झाले. उद्घाटनाला सगळे मोज्यांवर आत गेले. तिथेच लहानपण गेलेली म्हातारी मात्र उंबऱ्यातच थबकली. पायांत मण्यांचे नवेकोरे कातडी जोडे होते. शरयू लगबगीनं वाकली, “राहू द्या आजी, मी काढते.” म्हातारीनं पाय मागे घेतला. “आईनं शिवलेले असेच होते. मास्तरांनी याच दारात काढून घेतले आणि जाळले. आज घालून आत जायचं म्हणून हे शिवले.” आतून साहेबांची हाक आली, “शरयू, सगळ्यांचे शूज निघाले ना?”