आजीशी बोलतो

‘आये, तुज्या चुलीचा इंगल मी, परक्या घरा चालली गो…’

लग्नातला तो आवाज रंजिताच्या कानात अजून होता. गव्हाण गावी, माहेरच्या मांडवात ती हळदीने माखून गप्प बसली होती. नवरीने बोलायचं नसतं. तिच्या तोंडचं धवलारीण, म्हणजे लग्नगाणी म्हणणारी बाई, गाते. ही धवलारीण म्हणजे तिची होणारी सासू, जनी. हिला माझ्या पोटातलं कसं कळलं, म्हणून रंजिता ढसढसा रडली होती.

आज तीच जनी कामोठ्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंना सांगत होती, “लाजरा हाय ओ. याचा बापूस पन असाच. पावना आला का पलंगाखाली!”

रंजिताचा अडीच वर्षांचा मितेश सतरंजीवर खेळण्यातली गाडी उलटी धरून चाक फिरवत होता. डॉक्टरबाईंनी हाक मारली. चेंडू घरंगळत सोडला. त्याने मान वर केली नाही.

“कान तर तपासून झालेत. लाजरं मूल परक्याला टाळतं, पण घरच्यांकडे बघतं, बोट दाखवतं, गंमत दाखवायला ओढून नेतं. हा घरी करतो असं?”

रंजिता याच प्रश्नासाठी टपून बसली होती. “करतो ना! आईंशी बोलतो. मी दिवसभर दुकानात, संध्याकाळी आई सगळं सांगतात. काल बोटाने कावळा दाखवला. परवा विचारत होता, आई कदी येल?”

“तुमच्यासमोर?”

“मी आले की गप्प. रुसतो माझ्यावर.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “असं असेल, तर थोडं थांबून बघू. नसेल, तर ऑटिझमची पूर्ण तपासणी आणि सोमवारपासूनच थेरपी. या वयात उशीर परवडत नाही. आजी, तुम्ही सांगा.”

“सांगा ना आई,” रंजिता हसली. “तो कावळा.”

जनीने पदर तोंडाशी नेला. चाक थांबलं. मितेशने ते पुन्हा फिरवलं.

“दारातूनच इचारायचीस, आज काय बोलला,” जनी सुनेकडे न बघता म्हणाली. “तुजा तोंड बघवत नसं. मांडवात मुक्या नवरीचा मी बोलते ना, तसाच… ह्यो कदी बोलला नाय गो. एक शबूद नाय.”