किल्ली दाखवा

"पासपोर्ट, फोन, किल्ली! तिन्ही वर करून दाखवल्याशिवाय बस हलणार नाही," ड्रायव्हरने आरशात बघत हाळी दिली.

विमानतळाचं हे स्वस्त पार्किंग पार टोकाला. लोक गाड्या लावून धावतपळत त्याच्या बसमध्ये चढत, आणि घाईत काय विसरतील याचा नेम नसे. एक साहेब तर गाडी चालूच ठेवून आठ दिवस परदेशी जाऊन आले होते! तेव्हा ड्रायव्हरने हा नियम काढला. वरिष्ठांना विचारलं नाही; विचारायचं काय त्यात? त्यानंतर त्याच्या बसमधला एकही माणूस अर्ध्या वाटेवरून मागे फिरला नव्हता.

आज तिसऱ्या रांगेत त्याची बायको बसली होती. नर्स होती, दोन वर्षांच्या नोकरीवर परदेशी निघालेली. तो ड्युटीवर चढला, ती प्रवाशांत बसली. रडायचं नाही असं ठरलं होतं, आणि अजून तरी दोघांनी ते झक्कास निभावलं होतं.

"एकदा तिकडे गेलेलं माणूस परत येतं होय?" थोरली वहिनी चारचौघांत म्हणाली होती. "बघालच," त्याने ठणकावून सांगितलं होतं. पण आज सकाळी निघताना बायकोने विचारलं, "घराची किल्ली ठेवून जाऊ का? तिकडे काय करायचीय?"

"तुझं तू बघ," म्हणत तो बॅगा उचलून जिना उतरला. तिने काय केलं ते त्याने पाहिलं नाही. नंतर विचारायची छातीच झाली नाही.

"पासपोर्ट!" सगळ्यांचे हात वर झाले. "फोन!" पुन्हा झाले. "किल्ली!"

गाड्यांच्या किल्ल्या खुळखुळल्या. ती मात्र पर्स उपसत होती. रुमाल निघाला, गोळ्यांची पट्टी निघाली, कंगवा निघाला. ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला.

"मामा, चला की! विमान काय थांबणारेय?" तिच्या शेजारचा टायवाला वैतागला. "ताईंची गाडीच नसेल इथे."

"नियम तो नियम," ड्रायव्हर म्हणाला. आरशावरून त्याची नजर हलली नाही.

मग तिचा हात वर आला. चिमटीत पितळी किल्ली होती. हरवू नये म्हणून त्यानेच तिला बुटाच्या नाडीचा तुकडा बांधून दिला होता.

टायवाल्याला हसू फुटलं. "अहो ताई, ही गाडीची नाही, दाराची आहे!"

"माहितीय," ती आरशात बघत म्हणाली. "आमचे हे रात्री गाढ झोपतात. आल्यावर बेल वाजवत कोण बसणार?"

ड्रायव्हरने बसचं दार लावलं, गियर टाकला.

"चला," तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणाचं काही राहिलं नाही."