जयंतीची निळी फुलदाणी

जयंती देवळाच्या आवारात पाण्याच्या कुंडापाशी हात धूत होती. तेवढ्यात नरेंद्रने पाठीवरच्या सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेली फुलदाणी काढली आणि जुन्या वस्तू विकणाऱ्या मोरितासानच्या हातात दिली. त्यांनी ती चटकन आपल्या टेबलावर, जुन्या बशांच्या मागे अर्धवट दिसेल अशी ठेवली.

वर्षभर हे असंच चाललं होतं. पोलंडमध्ये तोंडाने फुंकून केलेल्या जुन्या काचेच्या फुलदाण्या गोळा करायचं जयंतीला वेड. टोकियोत आल्यापासून जुन्या वस्तूंचा हा रविवारचा बाजार तिने कधी चुकवला नव्हता. निशी-कसाई भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली खिडकी तिच्या फुलदाण्यांनी भरून गेली होती.

मग ती विसरायला लागली. आधी रस्ते, मग शेजारपाजारची नावं. मोरितासानकडे नवीन फुलदाण्या फारशा येत नव्हत्या, म्हणून नरेंद्र घरातलीच एकेक घेऊन यायला लागला. त्यांनी पहिल्यांदा कारण विचारलं. ऐकल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही.

जयंतीला ती दर वेळी नव्याने सापडायची. फुलदाणी उलटी करून ती बुडाच्या खरखरीत खुणेवर अंगठा फिरवायची. "नरेंद्र, हे बघ, मशीनची नाही रे ही," म्हणायची. परत जाताना मेट्रोत मांडीवरून खाली ठेवायची नाही. तेवढ्यासाठी नरेंद्र पुढच्या बाजाराची वाट बघायचा.

आजची निळी होती. त्यांच्या लेकीचा, आर्याचा जन्म झाला त्या वर्षी घेतलेली, जयंतीची सगळ्यात पहिली. नरेंद्रने ती इतके दिवस मागे ठेवली होती.

जयंती रुमालाला हात पुसत आली. तिची नजर बशांवरून फिरली आणि फुलदाणीवर थांबली. तिने ती उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिली. उलटी मात्र केली नाही.

मग तिने ती जपून नरेंद्रच्या हातात दिली आणि अदबीने हसली.

"सुंदर आहे. तुम्ही घ्या ना. तुमच्या मिसेसना आवडेल."

मोरितासानना मराठी येत नव्हतं. नरेंद्रच्या चेहऱ्याकडे बघून ते गुंडाळायचा कागद हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"हो," नरेंद्र म्हणाला. "घरी गेलो की दाखवतो तिला."