टेबलाखालची उत्तरं

वेबसाइट ती उत्तम बनवायची, पण बाईचं नाव वाचलं की अर्जाला उत्तरच येत नसे. शेवटी तिने नवऱ्याच्या नावाने अर्ज केला, आणि समोरचे साहेब लगेच मुलाखतीला तयार झाले. नवरा, देव त्याचं भलं करो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसला. ती टेबलाखालून एकेक उत्तर कुजबुजत होती.

"पुरुषमाणसाशी बोललं की कसं, चटकन उलगडा होतो," साहेब खूश होऊन म्हणाले.

"बायकांना कुठलं जमतंय हे!" नवरा म्हणाला. एवढं एक उत्तर मात्र त्याने स्वतःचं स्वतः दिलं.

साहेब पुढचा प्रश्न विचारायला गेले आणि अडखळले.

 

तेवढ्यात पलीकडून, त्यांच्याही टेबलाखालून, बाईचा दबका आवाज आला, "अहो, आता मुदत विचारा!"