रविवारचा डोस

"हात डोक्यावर घे, चिक्कू. आणि आज तरी मशीनवर नजर ठेवू नकोस. गुमान पडून राहा," टोरुन म्हणाली.

सुन्नीवा हसली. सी.टी. स्कॅनच्या या अरुंद फळीवर ती नेहमी एक ठोकळा ठेवायची. काचेसारख्या प्लास्टिकचा, माणसाच्या पोटाएवढा. त्याच्या भोकात मापकाची कांडी खुपसायची आणि मशीन पेशंटला किरणांचा किती डोस देतं ते मोजायची. आज ठोकळ्याच्या जागी ती स्वतः आडवी झाली होती.

बुडो शहरातल्या त्या हॉस्पिटलात 'चिक्कू' हे नाव तिनं कमावलं होतं. डोस जरा जास्त दिसला, की मशीन चालवणाऱ्या टोरुनची काही खैर नसायची! आजचे किरण वीस वर्षांनी कॅन्सर होऊन उगवले तर त्या माणसाला काय तोंड दाखवणार, असं सुन्नीवा विचारायची. एकाच बाबतीत तिचा हात सैल होता. ज्यांच्यापुढे वीस वर्षं सोडाच, दोनही उरलेली नाहीत, त्यांच्यासाठी कसली काटकसर? त्यांना डोस भरपूर द्या, चित्र लख्ख काढा. मशीनवर तशी वेगळी सोय तिनंच करून ठेवली होती; डॉक्टरांच्या चिठ्ठीत तसं आलं, की टोरुननं ती लावायची. पेशंटच्या नजरेस पडलं तरी धसका बसू नये म्हणून त्या सोयीला नाव दिलं होतं 'रविवार'. रविवारी कुणी चिकटपणा करतं का, असं ती म्हणाली होती, आणि ते सगळ्यांना आवडलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या आतड्यातली गाठ काढली होती. गेल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. आस्लाक डॉक्टर म्हणाले, "नीट दिसत नाही गं. स्कॅन करून घे, गुरुवारी निवांत बोलू." त्या 'निवांत'ला ती धरून बसली होती. डोंगरातल्या लाकडी घराचं छप्पर राहिलं होतं. येत्या उन्हाळ्यात ती आणि नवरा ते घालणार होते. तेवढं होऊ दे रे देवा, असं ती फळीवर पडल्या पडल्या म्हणत होती. एरवी देव कधी मानला नव्हता.

मशीननं श्वास रोखायला सांगितलं, मग सोडायला. संपलं. टोरुननं तिला हात देऊन उठवलं. वाफाळती कॉफी, कँटीनमधले वॉफल, कालचा बर्फ, टोरुन नुसती बोलत सुटली होती.

सवयीनं सुन्नीवा काचेपलीकडच्या खोलीत, स्क्रीनकडे गेली.

"किती दिलास?"

"तुझ्याच नियमानं दिलाय गं. जा, कॉफी पी."

टोरुन स्क्रीनला पाठ लावून उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"बाजूला हो, टोरुन."

"नको बघूस. डॉक्टर बोलणार आहेत ना गुरुवारी!"

सुन्नीवानं तिला खांद्याला धरून सरकवलं. आकडा बघून ती भडकलीच. एवढा डोस? ठोकळ्यालासुद्धा कुणी एवढा देत नाही! खरडपट्टी काढायला तिनं तोंड उघडलं, आणि आकड्याच्या वरचा शब्द तिला दिसला.

बाहेर मंगळवार होता. स्क्रीनवर तिच्या नावापुढे रविवार होता.