खराखुरा डेमो

"पण यात पेशंटची नावं झाकलेली राहतील ना?" मी सेल्समनला पुन्हा विचारलं.

आमच्या हॉस्पिटलात रुग्णांच्या तक्रारी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, रिपोर्टच्या फोटोंसकट. त्याऐवजी नीट सॉफ्टवेअर घ्या म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते.

"मॅडम, तुमचं आपलं नेहमीचंच!" संचालक खांबेटेसाहेब वैतागले. "आजारपणात लपवायचंय काय? सोपं आहे, स्वस्त आहे, घेऊन टाकू."

सेल्समनला हुरूप आला. "सर, खराखुरा डेमोच दाखवतो. नदीपलीकडचं हॉस्पिटल हेच वापरतं."

पडद्यावर तिथल्या रुग्णांच्या तक्रारी सरकू लागल्या. नाव, मोबाइल, आजार, सगळं उघडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात साहेबांच्या हातातला चहाचा कप हवेतच थांबला. पडद्यावर त्यांच्या सुनेचं नाव होतं. तिच्या लग्नात आम्ही सगळे जेवून आलो होतो. नावापुढे लिहिलं होतं, 'मानसोपचार विभाग. डॉक्टर वेळेवर भेटत नाहीत.'

"बंद करा ते!" साहेब ओरडले.

चला, एकदाचं यांना कळलं, असं मला वाटलं.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि ते आवाज खाली आणून सेल्समनला म्हणाले, "घेतो आम्ही हे. फक्त आमच्या घरच्यांची नावं तेवढी झाकून द्या."