खडखडाटातला भोंगा

भोंगा चार वाजता व्हायचा होता आणि सोसायटीतली माणसं पावणेचारलाच पार्किंगमध्ये येऊन बसली होती. युद्धाच्या रंगीत तालमीला उशीर नको म्हणून. एरवी सभेला माणसं जमवताना सेक्रेटरीच्या नाकी नऊ येतात. आज साठी उलटलेली मंडळीसुद्धा स्कूटरींच्या मधे कानात बोटं घालून उकिडवी बसली होती. भोंगा झाला तेव्हा सगळे आधीच बसलेले, त्यामुळे कवायत घ्यायला आलेल्या नेत्राला किती वेळ लागला ते मोजायलाही सवड मिळाली नाही. तिने फॉर्मवर आपल्या मनाने 'दोन मिनिटं' असं लिहिलं आणि कागदावरून वाचायला लागली.

"लढाई पेटली तरी देश आपल्या नागरिकांना वाऱ्यावर सोडणार नाही. प्रत्येकापर्यंत इशारा पोचवणं ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे."

टाळ्या झाल्या. अनसूयाबाईंनीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात, त्या बारा वर्षांच्या होत्या आणि त्यांचे वडील, नगरपालिकेतले कारकून श्रीनाथअण्णा, याच गल्लीचे वॉर्डन होते. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायला अण्णा समोरच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून सुताला लावायची खळ आणायचे. आठवडाभर घराला तिचा आंबूस वास होता. दिवेलागणीला अण्णा गस्तीला निघाले की अर्धी काच झाकलेली बॅटरी घेऊन अनसूया मागे. त्या चौदा दिवसांत अण्णा जितके वाट्याला आले तितके पुढे कधीच आले नाहीत. लढाईची आठवण सुखाची असू नये हे बाईंना कळत होतं. पण होती सुखाची, त्याला त्या तरी काय करणार?

टाळ्या थांबल्या, तशी गल्लीपलीकडच्या कारखान्याची खडखड पुन्हा कानांवर आली. ती मधे थांबलीच नव्हती.

"नेत्रा, समोर कुणी जागचं हललं नाही गं," बाई म्हणाल्या.

"काकू, ते यादीत नाहीत. आपल्याकडे सोसायट्या आणि शाळाच आल्यात."

"का? ते नागरिक नाहीत?"

नेत्रा ओशाळली. "आहेत ना. पण लूमच्या आवाजात भोंगा ऐकूच जात नाही. दुसऱ्या कशाने इशारा पोचतो असं दिसलं असतं, तर मी त्यांचंही नाव घातलं असतं. साडेचारला फॉर्म पाठवायचाय. नंतर काही बदलता येत नाही."

"मग चल," बाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता गल्ली ओलांडून गेल्या.

कारखान्यात भर दुपारीही ट्यूबलाइट लागत. खिडक्यांवर सुताची धूळ बसून बसून उजेड आत यायचा बंद झाला होता. मुकादम किशन धावत आला. चौथीत तो बाईंच्या वर्गात होता, अंबाडीहून यायचा. त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "बाई, लूम बंद करता येनार न्हाय. सुताच्या तारा तुटतील."

बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि दाराजवळच्या बोर्डावर हात ठेवला. लूमला त्यांनी बोट लावलं नाही. फक्त दिव्यांचं बटण दाबलं. बंद, चालू. बंद, चालू. बंद, चालू.

ही अण्णांची युक्ती; मागोमाग आलेल्या नेत्राला बाईंनी ती कानाशी ओरडून सांगितली. एकदम अंधार केला तर चालत्या लूममध्ये माणसाचा हात जायचा. म्हणून आधी तीनदा दिवे मिचकावायचे, कामगार लूम थांबवून भिंतीशी बसले की मग काळोख करायचा. ते चौदा दिवस गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांतून असंच चाललं होतं.

आता पोरांनी वर ट्यूबकडे बघितलं, विजेला एक शिवी घातली आणि पुन्हा तारांवर नजर लावली. बाईंचा चेहरा उतरला. अण्णांबरोबर अण्णांची युक्तीही गेली होती. दारात उभ्या असलेल्या नेत्राने घड्याळ बघितलं आणि ती हळूच परत वळली.

तेवढ्यात कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या म्हाताऱ्याने आपलं यंत्र बंद केलं. शेलार गावचा मोरू, सत्तरीचा, पोरवयापासून याच कारखान्यात. हातातली कांडी त्याने नीट टोपलीत ठेवली, भिंतीला पाठ लावून गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

म्हाताऱ्याला काहीतरी झालं असं वाटून शेजारच्याने लूमचा दांडा ओढला. मग पलीकडच्याने. एकेक करत सगळा कारखाना गप्प झाला.

"मोरूकाका, काय व्हतंय? छातीत दुखतंय का?" किशनने विचारलं.

मोरूने नाही म्हणून मान हलवली. तो दाराकडे बघत होता. "अण्णा कुठं हायेत?"

"अण्णा गेले, मोरू," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली."

मोरूने कानांवरचे हात खाली घेतले.

खडखड थांबलेली ऐकून नेत्रा परत फिरून आत आली होती. तिने फॉर्म काढला. "इथे माणसं किती?"

"बत्तीस," किशन म्हणाला.

तिने लिहिलं. मग मोरूपुढे खाली बसली. "बाबा, चोपन्न वर्षांपूर्वीची खूण तुमच्या ध्यानात कशी राहिली?"

"हितं लाइट रोज जाते, बाय," मोरू म्हणाला. "दर येळंला मोजतो मी. एकदा गेली तं लाइट गेली. तीनदा गेली तं अण्णा आलं."